सातव्या पिंपाचा आकडा

त्या आठवड्यात अकराव्यांदा तळ्यातले सगळे मासे मेले.

म्हणजे तळ्यात नव्हे, पडद्यावर. खऱ्या तळ्यातले मासे खिडकीखाली मजेत होते. त्यातला एखादा मधूनच उसळी मारून 'डुबुक' असा आवाज करी, आणि वर पहिल्या मजल्यावर डोकं धरून बसलेल्या लेकीला वाटे, मेला मुद्दाम खिजवतोय.

तळ्यावर तिला सगळे 'मोजणीमास्तरांची लेक' म्हणत. गणितातली मोठी पदवी घेऊन ती मत्स्य-संशोधन केंद्रात नोकरीला लागली त्याला वर्ष होत आलं, तरी नाव काही बदललं नाही. काम मात्र तिचं स्वतःचं होतं. तळ्यात कोण कोणाला खातं, किती खातं आणि त्यामुळे पुढे काय होतं, हे तिला समीकरणांत बसवायचं होतं. तशी गोष्ट साधी. पाण्यातलं हिरवं शेवाळ खातात डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणपिसू. पाणपिसू खातात बोटाएवढे मासे; त्यांना तळ्यावरची माणसं चिल्लीपिल्ली म्हणत. आणि चिल्लीपिल्लींना खातो हातभर लांब, जबड्यात करवत घेऊन फिरणारा मासा, ज्याला सगळे आदराने दादा म्हणत. चिल्लीपिल्ली वाढली की दादांची चंगळ होते, दादांना पोरं होतात. दादा वाढले की चिल्लीपिल्ली घटतात, मग दादा उपाशी राहून घटतात, आणि चिल्लीपिल्लींचे दिवस पुन्हा येतात. पडद्यावर दोन रेघांनी एकमेकींच्या मागे असं वरखाली पळत राहायला हवं.

लेकीच्या रेघा पहिलं वर्ष बऱ्या पळत. दुसऱ्या वर्षी चेकाळत. तिसऱ्या उन्हाळ्यात चिल्लीपिल्लींची रेघ जी कोसळे ती तळाला चिकटून बसे, आणि मागोमाग दादांचीही. खेळ खलास. खरे मासे मात्र गेली तीस वर्षं त्याच तळ्यात गुण्यागोविंदाने, म्हणजे एकाने दुसऱ्याला खात, नांदत होते.

शुक्रवारी सभा होती. तळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात पाणगवताचं दाट रान माजलं होतं. ते कापून नौका-मंडळासाठी मोकळं पाणी करायचं की नाही, हे सभेत ठरणार होतं. कापणीचं यंत्र सोमवारसाठी सांगूनही ठेवलं होतं. संचालकबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"मोजणी बघ," बुधवारी दुपारी तिच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या. "गवतातल्या सातव्या जागी वर्षानुवर्षं शून्य मासे. जिथं कोणी राहतच नाही ते कापलं तर कोणाचं काय जातंय? तुझ्या समीकरणांना वेगळं काही म्हणायचं असेल तर शुक्रवारी म्हण. पण आधी तुझे मासे जिवंत कर, बाई."

लेकीने गणित दहा वेळा तपासलं होतं. गणितात चूक नव्हती. मग उरले आकडे. तळ्यात जेवढी चिल्लीपिल्ली मोजली जात होती, तेवढ्यांवर एवढे दादा जगणं शक्यच नव्हतं. इतकंसं खाणं आणि असे गुटगुटीत दादा? एक तर दादा हवेवर जगत होते, नाहीतर मोजणी चुकत होती. आणि मोजणी करत होते तिचे बाबा.

बाबांची तीस वर्षं त्या तळ्यावर गेली होती. तळ्यात सात ठिकाणी पत्र्याची रिकामी पिंपं नांगरून ठेवलेली. दर पंधरवड्याला बाबा मोटारबोटीतून जाणार, प्रत्येक पिंपाशी तारेचे तीन पिंजरे अर्धा तास बुडवून ठेवणार, वर काढणार, मासे मोजणार आणि परत पाण्यात सोडणार. मोजताना त्यांच्या मांडीवर एक बरणी असे आणि शेजारी वाटीत तीस बटणं. दर दहा माशांना एक बटण बरणीत. आकडा वहीत. दुसऱ्या कोणाच्या हातात त्यांनी ती बरणी कधी दिली नव्हती. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि शुक्रवारची सभा त्यांची शेवटची होती.

त्याच सभेत वाचायच्या अहवालात लेकीने एक वाक्य लिहिलं होतं: 'केंद्राची मोजणी विश्वासार्ह दिसत नाही.' तीनदा लिहिलं, दोनदा खोडलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाबा तिसऱ्या रांगेत धुतलेला शर्ट घालून बसलेले असणार आणि ती सगळ्यांदेखत त्यांच्या तीस वर्षांवर पाणी ओतणार, हे तिला आत्ताच दिसत होतं. पण तिला दुसरं काही सुचतही नव्हतं.

संध्याकाळी घरी ती नेहमीसारखी थेट बिस्किटांच्या डब्याकडे गेली. डबा रिकामा होता.

"बाबांनी संपवली," आई म्हणाली.

"उरलेली दोन होती फक्त," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "बाकीची हिने सकाळीच उडवली."

"तुम्ही दोघं म्हणजे टोळधाड आहात नुसती," आई म्हणाली. तिने स्टूल ओढलं, कपाटावरच्या जुन्या टोपलीत हात घातला आणि बिस्किटांचा नवा पुडा काढला. "अर्धी मी नेहमी वर ठेवते म्हणून या घरात पाहुण्यापुढे काहीतरी ठेवता येतं. सगळी डब्यात टाकली असती तर सोमवारीच ठणठणाट."

लेक हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती बाबांकडे बघत होती. शेवटी धीर करून म्हणाली, "बाबा, उद्या मोजणीला मी येऊ तुमच्याबरोबर?"

वर्तमानपत्र खाली आलं. बाबांचा चेहरा असा फुलला की तिला आणखीच अपराधी वाटलं. चूक पकडायला निघाली होती ती, आणि त्यांना वाटलं लेकीला हौस आली.

गुरुवारी सकाळी सातला दोघं धक्क्यावरून निघाली. पाच तास लेक घारीसारखी नजर ठेवून होती. पण बाबांच्या मोजणीत बोट ठेवायला जागा नव्हती. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, घड्याळ लावून. एक मासा मोजताना निसटून पाण्यात पडला, तर बाबांनी तो पिंजरा पुन्हा अर्धा तास बुडवला. पहिल्या पिंपाला सोळा बटणं आणि वर चार मासे. तिसऱ्याला एकवीस. सहाव्याला अकरा. तिच्या मनातलं ते वाक्य आता तिलाच टोचायला लागलं.

सहाव्यानंतर बाबांनी बोट वळवली आणि धक्क्याची वाट धरली.

"आणि सातवं?" लेकीने विचारलं.

"सातव्याला जाता येत नाही." बाबांनी हनुवटीने उत्तरेकडे दाखवलं. पाणगवतात खोल कुठेतरी एक गंजकं पिंप वाकडं उभं होतं आणि त्यावर एक बगळा बसला होता. "मोटारीच्या पंख्यात गवत अडकतं. वल्ह्याची होडी मागितली होती. अर्ज केला, आठवण केली, पुन्हा अर्ज केला. मग सोडून दिलं."

"जात नाही तर मग शून्य का लिहिता?"

बाबांनी मोटार बंद केली. तळ्यावर एकदम शांतता झाली.

"कोण लिहितं शून्य?"

"तुम्ही! सातव्या जागी सगळीकडे शून्य आहे. दर पंधरवड्याला. तीस वर्षं!"

"पोरी," बाबा म्हणाले, आणि ते खरोखर दुखावले होते, "शून्य हा आकडा आहे. तो लिहायला तिथं जावं लागतं, पिंजरा बुडवावा लागतो, रिकामा वर आलेला डोळ्यांनी बघावा लागतो. मी तिथं जातच नाही तर शून्य कसं लिहीन? मी आडवी रेघ मारतो."

धक्क्याला बोट लागायच्या आत लेकीने उडी मारली, पळत जाऊन तळघरातलं लोखंडी कपाट उघडलं आणि पहिली वही काढली. सात रकाने. सहांत बाबांचे गोल, सरळ आकडे. सातव्यात आडवी रेघ. पुढचं पान, आडवी रेघ. दुसरी वही, तिसरी वही, दहावी वही. पट्टी लावून मारावी तशी रेघेखाली रेघ.

"मग हे कॉम्प्युटरमध्ये शून्य कोणी केलं?" ती ओरडली. "कोण तो दीडशहाणा? मिळू दे मला, त्याची..."

आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

दहाव्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक मासा काढला होता. माशाला पापण्या होत्या आणि डोक्याला रिबीन. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ही वही झाली. आता फक्त चार राहिल्या.'

ती चौदा वर्षांची होती. शाळेला सुट्टी, बाबा दिवसभर तळ्यावर, आणि केंद्रात नुकताच आलेला पहिला कॉम्प्युटर. जुन्या वह्या त्यात भरायचं काम तिने हौसेने अंगावर घेतलं होतं. एका वहीला एक आइस्क्रीम असा करार होता. सातव्या चौकोनात तिने आडवी रेघ टाकली तर चौकोन लाल व्हायचा आणि म्हणायचा, 'अंक भरा.' दोनदा टाकली, दोनदा लाल. बाबा पाण्यावर, विचारायचं कोणाला? रेघ म्हणजे काही नाही. काही नाही म्हणजे शून्य. तिने शून्य टाकलं, चौकोन गप्प झाला. दर पानावर शून्य टाकत ती आइस्क्रीमपर्यंत पोचली. पुढे आलेल्या कारकुनाने सातव्या रकान्यात आधीपासून शून्यच पाहिलं आणि तीच री ओढली. बाबा कॉम्प्युटरच्या वाटेला कधी गेले नाहीत. त्यांच्यासाठी वही म्हणजे वही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जी चूक ती वर्षभर समीकरणांत आणि मग बाबांच्या बरणीत शोधत होती, ती तिच्याच हातची होती, रिबीन लावून ठेवलेली.

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी मासा पाहिला, लालबुंद झालेला लेकीचा चेहरा पाहिला. लेकीने मग त्यांना सगळं सांगितलं. शून्याचं सांगितलं, अहवालातल्या वाक्याचंही सांगितलं.

वाक्य बाबांना लागलं होतं, ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. मग वही मिटून म्हणाले, "माझंही चुकलंच. चौदा आइस्क्रीमं दिली, पण एकदाही तपासायला बसलो नाही. चल. सातव्याला किती आहेत ते तुला नको का?"

नौका-मंडळाचा पहारेकरी बाबांचा जुना दोस्त. केंद्राची मोजणी केंद्राच्याच होडीतून, हा तीस वर्षांचा हट्ट बाबांनी आज सोडला. ज्या मंडळाला गवत नको होतं त्यांचीच चपटी होडी घेऊन, लांब काठीने रेटत, बाप आणि लेक पाणगवतात शिरली. होडीच्या तळाला गवत खसखसत होतं. बगळा नाराजीने उडून गेला. लेकीने वाकून पाण्यात पाहिलं. गवताच्या दांड्यादांड्यांमधून, प्रत्येक फटीतून, चांदीचे बारीक तुकडे चमकत होते. चिल्लीपिल्ली! शेकड्यांनी. आणि गवताच्या अगदी कडेला, मोकळ्या पाण्यात, एक धिप्पाड दादा तोंड लावून उभा होता. आत शिरायला त्याला जागा नव्हती. बंद दुकानाबाहेर गिऱ्हाईक ताटकळावं तसा तो येरझाऱ्या घालत होता.

"बाबा, तो बघा! तो बघा ना!" लेक एवढ्या जोरात नाचली की होडी कलंडता कलंडता वाचली.

"बस खाली," बाबा म्हणाले. "अजून मोजलेलं नाही."

अर्धा तास झाला. पहिला पिंजरा वर आला तो दोघांना मिळून ओढावा लागला. एकशे एकतीस. दुसऱ्यात अठ्ठ्याण्णव. तिसरा मोजता मोजता बाबा अचानक थांबले. वाटी रिकामी झाली होती. तीस बटणं बरणीत गेली होती आणि पिंजऱ्यात मासे अजून वळवळत होते. तीस वर्षांत एका पिंपाला तीसच्या वर बटण कधी लागलंच नव्हतं.

लेक म्हणाली, "मी बोटांवर लक्षात ठेवते."

"बोटांवर नाही," बाबा म्हणाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण धरलं, हिसडा दिला, तोडलं आणि बरणीत टाकलं. "तीनशे दहा."

मग दुसरं. मग तिसरं. शर्टाच्या समोरची सातही संपली, तशी दोन्ही बाह्यांची गेली. आकडे म्हणताना बाबांचा आवाज चढत चढत गाण्यासारखा व्हायला लागला. शर्ट वाऱ्यावर फडफडत होता, पांढरे केस विस्कटले होते, आणि लेकीला हसू आवरत नव्हतं. तिने बाबांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

"तीनशे नव्वद आणि वर तीन," बाबा म्हणाले. त्यांनी वही उघडली आणि सातव्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा आकडा लिहिला: ३९३. लिहून झाल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला.

दारात आईने दोघांना पाहिलं. एक चिखलाने माखलेली, दुसऱ्याच्या शर्टाला औषधालाही बटण नाही.

"अहो, हे काय? मारामारी करून आलात?"

"मोजून आलो," बाबा म्हणाले.

लेक आंघोळीलाही थांबली नाही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. समीकरणात आता काय घालायचं ते तिला कळलं होतं, फक्त कसं ते कळत नव्हतं. आई टोपलीतून पुडा काढायला स्टुलावर चढली आणि लेक त्या स्टुलाकडे बघतच राहिली. डबा आणि टोपली! डब्यातलं बाबा आणि ती खाणार. टोपलीतल्याला हात पुरत नाही. डबा रिकामा झाला की टोपलीतून थोडं खाली येणार. चिल्लीपिल्लींचा एक हिस्सा गवतात. दादाने काय ते गवताबाहेरच्यांवर भागवायचं. एका ओळीची दुरुस्ती होती. तिने ती केली आणि श्वास रोखून कळ दाबली.

पहिलं वर्ष. दुसरं वर्ष. तिसऱ्या उन्हाळ्यात चिल्लीपिल्लींची रेघ खाली आली, आणखी खाली आली, तळाच्या जरा वर थांबली आणि वळली. वर निघाली. मागोमाग दादांची. चौथं वर्ष, पाचवं, दहावं. उंच-सखल लाटा हळूहळू बेताच्या झाल्या आणि तीस वर्षं दोन्ही रेघा एकमेकींच्या मागे पळत राहिल्या. मग तिने गवत शून्य करून पाहिलं. तिसऱ्या उन्हाळ्यात सगळं सामसूम.

"जगले!" लेक किंचाळली. "आई, जगले सगळे!"

आई चष्मा लावून वाकली. दोन रेघा बराच वेळ पाहून म्हणाली, "एक चढली की दुसरी पडते, दुसरी चढली की पहिली पडते, आणि संपत काही नाही. हे तर तुमचं दोघांचं भांडण दिसतंय." मग ती सुई-दोरा घेऊन बसली, कारण उद्या सभा होती. पण बाबा बरणीतली नऊ बटणं द्यायला तयार नव्हते. ती मोजणीची होती. शेवटी आईने तिच्या जुन्या कोटाची निळी बटणं पांढऱ्या शर्टाला लावली.

शुक्रवारी सभेत बाबा तिसऱ्या रांगेत निळ्या बटणांचा शर्ट घालून, मांडीवर बरणी घेऊन बसले. लेकीने रेघा दाखवल्या. गवतासह आणि गवताविना. संचालकबाई पुढे सरकून पाहत होत्या.

"पण मग हे इतक्या वर्षांचं शून्य?" त्यांनी विचारलं. "ते कोणी लिहिलं?"

कारकुनाने मान खाली घातली. लेक उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "चौदा वर्षांची असताना. चौकोन रेघ घेत नव्हता म्हणून. मोजणी करणाऱ्याने एकदाही शून्य लिहिलेलं नाही. जिथं ते गेले नाहीत तिथं त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, वह्या इथेच आहेत. मी परवापर्यंत ही मोजणी विश्वासार्ह नाही असं म्हणणार होते. आज म्हणते, या केंद्रात एवढीच एक गोष्ट विश्वासार्ह आहे."

बाबा बरणीकडे बघत होते. संचालकबाई त्यांच्याकडे वळल्या.

"मास्तर, काल सातव्याला तीनशे त्र्याण्णव. बरं, आधीच्या वर्षांत साधारण किती असतील?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले.

"अहो, अंदाजे?"

"अंदाज हे लेकीचं काम. माझं काम मोजायचं."

संचालकबाई आधी हसल्या, मग सगळी सभाच हसली. यंत्रवाल्याला तिथूनच फोन गेला की सोमवारी येऊ नका. वर्षभर सातव्या जागेची मोजणी करायची आणि मग बोलायचं, असं ठरलं. वल्ह्याची होडी मंजूर झाली. बाबा म्हणाले, अर्ज पुन्हा करावा लागेल का? तेव्हा मात्र संचालकबाईच लाजल्या.

पुढच्या महिन्यात पहिली मोजणी लेकीने एकटीने केली. बरणी बाबांनी तिच्या हातात दिली होती, एकोणचाळीस बटणांसकट. सहा पिंपं झाली. सातव्याला निघाली तर असा वारा सुटला की नवी होडी गवताच्या कडेपर्यंतही जाईना. तीनदा प्रयत्न करून ती परत फिरली. वर येऊन तिने वहीत सहा आकडे लिहिले आणि सातव्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. मग कॉम्प्युटर उघडला. चौकोन लाल झाला. 'अंक भरा.'

लेकीने बाह्या सरसावल्या. ती सगळी दुपार तिने त्या चौकोनाला आडवी रेघ घ्यायला शिकवण्यात घालवली. चौकोनाने रेघ मुकाट्याने घेतली, तेव्हा तिने घरी फोन लावला.

"सातव्याला किती?" बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"माहीत नाही, बाबा. वारा होता. जाताच आलं नाही."

"शाब्बास," बाबा म्हणाले.